ओढ्याकाठची सायकल
घाणेरीचं पान पायाखाली चुरडलं की तो वास मला आकुर्डीच्या ओढ्याकाठी नेऊन सोडतो. आमच्या चाळीपासून कंपनीपर्यंत ओढ्याच्या कडेनं पायवाट जायची. म्हशी, धुण्याच्या बादल्या आणि शिफ्टच्या सायकली, सगळ्यांची ती एकच वाट. एकदा रजेच्या दिवशी वडिलांनी शेजारच्या नर्सबाईंची सायकल मागून आणली आणि आईला तिथं शिकवायला घेतलं. "सोडू नका हं," आई म्हणत होती आणि कॅरिअर धरून पळता पळता वडील म्हणत होते, "तू पुढं बघ." करंजाच्या झाडापाशी त्यांनी हात सोडला. पदर खोचलेली आई एकटीच थेट फरशी पुलापर्यंत गेली, पाय टेकून मागं वळली आणि आम्हाला एवढ्या लांब बघून हसायला लागली. तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही तिच्यापाशी पोचतो तोच भोंगा झाला आणि पुलापलीकडून सुटलेली शिफ्ट आली. वडिलांच्या खात्यातला एकजण ब्रेक दाबत म्हणाला, "काय राव, उद्यापासून वहिनी कामावर का?" सगळे हसले. वडीलही हसले आणि आईच्या हातातून हँडल घेऊन सायकल ढकलत घराकडे निघाले. संध्याकाळी सायकल परत गेली. "राहू द्या, मला नाहीच जमायचं," आई स्टोव्हला पंप मारत म्हणाली. तिला जमलं होतं, पण वडील तसं म्हणाले नाहीत. आता तिथं सिमेंटचा ट्रॅक झालाय, पोरी भरधाव सायकली हाणतात. आई मात्र शेवटपर्यंत त्या वाटेनं पायीच गेली, आणि मागून घंटी वाजली की वळून न बघता बाजूला व्हायची.