पाठमोरे मॅनेजर

आमच्या मॅनेजरांनी आपल्या टीमचा एकही पॉइंट कधी डोळ्यांनी पाहिला नाही. सामन्याची शिट्टी झाली की ते मैदानाकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे राहत आणि समोर जे असेल ते बघत. कधी भिंत, कधी उकिरडा, एकदा तर एक म्हैस होती. म्हैस मॅनेजरांकडे बघतेय, मॅनेजर म्हशीकडे बघताहेत आणि मागे आम्ही सातजण जिवाच्या आकांताने खेळतोय. नवख्या माणसाला वाटायचं, यांचं आणि टीमचं भांडण झालेलं दिसतंय!

कारण साधं होतं. फार पूर्वी एका अंतिम सामन्यात त्यांनी डोळे भरून खेळ पाहिला आणि टीम हरली. पुढच्या वेळी नेमके पान खायला वळले आणि टीम जिंकली. तेव्हापासून त्यांनी आपली नजर टीमवर पडू द्यायची नाही, असं ठरवून टाकलं. "ज्याना त्याना पायगुण ऱ्हास, मना डोळागुण शे," असं ते छातीठोकपणे सांगत. बागलाणातलं निंबपाडं हे त्यांचं गाव. तिकडची अहिराणी त्यांच्या जिभेवरून नाशकात बारा वर्षं राहूनही हलली नाही.

खेळ म्हणजे शूटिंगबॉल. व्हॉलीबॉलचा हा गावाकडचा भाऊ. मध्ये जाळी, दोन्हीकडे सात-सात गडी आणि दोन्ही हातांनी चेंडू असा हाणायचा की समोरच्याच्या मनगटावर वळ उठावा. मालेगाव-सटाणा पट्ट्यात या खेळापायी लोक जेवण विसरत. निंबपाड्याच्या टीमचा तिकडे दरारा होता आणि पाठमोऱ्या मॅनेजरांना तो ऐकू यायचा. हो, ऐकूच यायचा. गाव कसं ओरडतं यावरून कोणी मारला, कुठे पडला, कोणाचं चुकलं, सगळं त्यांना कळायचं. त्यातही निंबपाड्याची एक रीत होती. पाहुण्या टीमने चांगला पॉइंट घेतला तर टाळ्या वाजवायच्या. आपल्या टीमने घेतला तर मात्र पोटातून एकच आवाज काढायचा, "भलेऽऽ!" टाळ्या पाहुण्यांना, भले आपल्यांना. यात कधी गल्लत व्हायची नाही.

आणीबाणी नुकतीच उठली होती, तेव्हा मॅनेजरांची नाशिकला बदली झाली. ते सरकारी खात्यात कारकून होते. निरोपाच्या वेळी साहेब म्हणाले, एकटेच जाणार की कुटुंबासह? मॅनेजर म्हणाले, "साहेब, बदली मनी एकल्यानी नही, आख्खी टीमनी शे." साहेब हसले. पण मॅनेजर थट्टा करत नव्हते. त्यांनी खरोखर टीमची बदली केली. एकाला पंचवटीच्या भाजीबाजारात हमालीला लावलं, एकाला टेम्पोवर, दोघांना सातपूरला कारखान्यात, कोणाला कुठे. पंचवटीतल्या एका गल्लीत दोन खोल्या घेऊन सगळ्यांना कोंबलं. जाळी आणि तिचे दोन खांब एसटीच्या टपावरून आले. कंडक्टर म्हणाला, हे काय सामान? मॅनेजर म्हणाले, "सामान नही भो, खेळाडू शेतस. बसाले जागा नको त्यास्ले."

गाव अर्थातच पेटलं. पोरगी पळवून नेल्यावर घरच्यांचं जे होतं ते निंबपाड्याचं झालं. टीमचा मुख्य शूटर नाना याने तर गाव सोडायला साफ नकार दिला. "टीम गावनी शे, तुमना बापनी नही," असं तो मॅनेजरांना तोंडावर म्हणाला. मॅनेजरांनी नानाला पोरासारखं वाढवलं होतं. दर वर्षी गावच्या जत्रेच्या सामन्यांना टीम घेऊन येईन, एवढंच कबूल करून ते एसटीत बसले. "गाव माले टाकी नही देवाव," असं ते पुढे उठता-बसता म्हणत. गाव मला टाकणार नाही. इतक्यांदा म्हणत, की त्यांना स्वतःला त्याची खात्री नसावी, हे आम्हाला कळायला लागलं.

नानाच्या रिकाम्या जागेवर माझी वर्णी लागली. मी पंचवटीतला, शाळेत नुकताच मास्तर झालेला, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेला. मॅनेजर आमच्या घरी आले आणि मुलगी मागायला आल्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसून वडिलांना म्हणाले, "मास्तर आमले द्या." वडील म्हणाले, घेऊन जा, घरात तरी काय कामाचा आहे!

पंचवटीत भाजीबाजारामागच्या मोकळ्या जागेवर पहिला सामना झाला आणि मॅनेजर आंधळे झाले. म्हणजे, बहिरे. आमचे प्रेक्षक कोण? संध्याकाळी मोकळे झालेले भाजीवाले, रिक्षावाले आणि घाटावरची कामं उरकून आलेली भटजीमंडळी. भाजीवाले कुणाचाही पॉइंट झाला तरी लिलावासारखे एकदम कालवा करत. भटजींचं त्याहून अवघड. ते रसिक! चेंडू कुणीही मारो, चांगला मारला की मान हलवून "वा, सुंदर! सुंदर!" म्हणायचे. पाठमोऱ्या मॅनेजरांनी "सुंदर, सुंदर" ऐकलं आणि खूश होऊन खिशातला गूळ वाटायला सुरुवात केली. तेव्हा आम्ही ओळीने सात पॉइंट गमावले होते. समोरच्या टीमनेही गूळ आनंदाने खाल्ला.

त्या रात्री मॅनेजर जेवले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी पंचवटीत ओरडण्याचा वर्ग काढला. भाजीबाजारात पोत्यांवर उभे राहून ते सांगत, पॉइंट त्यांचा तर टाळ्या, पॉइंट आपला तर भले. हमालांना दोन मिनिटांत जमलं. रिक्षावाल्यांनाही जमलं. भटजींचा मात्र घोळ मिटेना. आमच्या गल्लीतले थोरले भटजी गोरेपान, देवमाणूस, गावभर ज्यांचा शब्द चाले, तेही विद्यार्थ्यासारखे पुढे उभे राहून "भले" म्हणत आणि मॅनेजर कपाळाला हात लावत.

"बाबा, नाकमधून येस तुमना आवाज. पोटमधून काढा."

"अहो, आमचं सगळं नाकातूनच," भटजी म्हणत. "मंत्र म्हणू का त्याऐवजी?"

हसून हसून आमची पोटं दुखायची. पण वर्षभरात पंचवटी भले म्हणायला शिकली, थोरले भटजी सोडून. त्यांचं "भले" वर्षानुवर्षं शिंकेसारखंच निघायचं. मॅनेजरांना तेवढाच एक आवाज पाठ झाला होता. तो आला की ते म्हणत, "बाबा खूश शेतस."

मग जत्रा आली. आम्ही टेम्पोने निंबपाड्याला निघालो. रस्ताभर मॅनेजर बडबडत होते. गावाची वेस दिसली तसे खिशातला गूळ चाचपू लागले. मैदानावर नाना उभा होता, गावाच्या नव्या टीमचा कप्तान. त्याने मॅनेजरांच्या पाया पडून स्वच्छ सांगितलं, "आते तुम्ही पाव्हना. टाया वाजाडसूत, भले नही." टाळ्या वाजवू, भले म्हणणार नाही. मॅनेजर म्हणाले, "बरोबर शे." आणि आपल्या ठरलेल्या निंबाकडे गेले. गावात असताना ते कायम त्याच निंबाकडे तोंड करून उभे राहत. जाऊन बघतात तर तिथे आधीच एक माणूस मैदानाकडे पाठ करून उभा. तो गावाच्या नव्या टीमचा मॅनेजर होता. गावाने विद्या सोडली नव्हती! आमच्या मॅनेजरांनी त्याला जरा सरकायला सांगितलं आणि दोघे खांद्याला खांदा लावून निंबाची साल बघत उभे राहिले.

सामना सुरू झाला. नानाने मारला की भले! आम्ही मारला की टाळ्या. शिस्तीत, पाहुण्यांना वाजवाव्यात तशा. एकेक टाळी पडली की मॅनेजरांचे खांदे थोडे खाली येत. मला खेळता खेळता ती पाठ दिसत होती आणि माझा जीव तुटत होता. पॉइंट आमचे वाढत होते आणि मॅनेजर खचत होते.

दोघांचा एकेक सेट झाला. तिसऱ्यात शेवटचा पॉइंट आला. नानाने सगळी ताकद लावून मारलेला चेंडू मी कसा उलटवला, मला आजही सांगता येणार नाही. हात बधिर झाले. चेंडू नानाच्या पायाशी पडला. गावाचे हात टाळ्यांसाठी वर आले. नानाने चेंडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग निंबाकडे त्या पाठीकडे पाहिलं. आणि जाळीपलीकडून तोंड वर करून ओरडला, "भलेऽऽ!"

त्याच्यामागे सगळं गाव ओरडलं. पत्र्यावर बसलेली पोरं, बैलगाडीवरच्या बाया, म्हातारे, सगळे. निंबाखाली नवा मॅनेजर आनंदाने नाचायला लागला. आमच्या मॅनेजरांनी त्याच्या खिशात आपला गूळ घातला, पाठ थोपटली. मी धावत गेलो.

"हारनूत ना मास्तर?" त्यांनी निंबालाच विचारलं.

"जिंकलो!"

"मंग भले कोणी म्हणं?"

"नानाने. मग गावाने."

नाचणारा मॅनेजर नाचायचा थांबला आणि त्याने गूळ परत केला. आमच्या मॅनेजरांनी तो सगळाच्या सगळा स्वतःच्या तोंडात घातला आणि निंबाला कपाळ टेकून, गाल फुगलेले असताना, ढसाढसा रडले. मागे वळून मात्र पाहिलं नाही. नानाने येऊन त्यांना उचललं तेव्हाही डोळे मिटलेले होते.

पुढे ते निवृत्त झाले आणि निंबपाड्याला परत निघाले. टीमही तोवर पांगली होती, आमची लग्नं झाली होती, पोटं सुटली होती. स्टँडवर निम्मी पंचवटी लोटली. मॅनेजर खिडकीपाशी बसले आणि आम्हाला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील. गाडी सुरू झाली तशी ते सीटवर वळले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. एकटे थोरले भटजी काय ते समजले. ऐंशीच्या घरातला तो माणूस उपरणं सावरत गाडीमागे चार पावलं धावला आणि ओरडला, "भलेऽऽ!"

मॅनेजरांनी न वळता हात वर केला. भटजींचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा पोटातून आला होता.