लिहिणाऱ्याचं म्हणणं

कायद्याच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी उतारे येतात. हे लांबलचक, अन् खाली प्रश्न. त्या उताऱ्यांवर माझा कधी विश्वासच बसला नाही, अन् तिथंच माझे गुण जात होते. आमच्या तांड्यात आजवर एक वकील झाला नव्हता. मले व्हायचं होतं. घरच्यांनी एक वर्ष दिलं होतं, नाही जमलं तं गुमान बी.एड.ले जायचं.

आमचा तांडा पांढरकवड्याजवळ. भांडण झालं की नसाब बसते, म्हणजे आमची पंचायत, अन् माझा बाप तिथं कारभारी. पहिला माणूस कितीही पोटतिडकीनं बोलो, बाप हूं की चूं करत नाही. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे मी त्याच्या बाजूले बसून शिकली. म्हणून उतारा हातात आला की मले पहिला संशय हाच, हा एकटाच काहून बोलून राह्यला? ज्याच्याबद्दल बोलते तो कुठं गेला? धरणाचे फायदे सांगणारा उतारा असला, तरी मी ‘लोकांना विचारलंच नव्हतं’ या पर्यायावर खूण करायची. चूक. दर वेळी चूक. विसापैकी आठ.

यवतमाळच्या क्लासातल्या सरांना वाटे, पोरीचं इंग्रजी कच्चं आहे. त्यांनी शब्दांच्या याद्या दिल्या, मी घोकून काढल्या, गुण जिथल्या तिथं. मंग मले सरांचाच संशय यायले लागला, याले तरी काही समजते का? शेवटी त्यांनी मले समोर बसवून एकेका खुणेचं कारण इचारलं. मी सांगतलं तं हसतच बसले. असा राग आला मले.

मग म्हणाले, “बाई, तू निकाल देऊन राह्यली. निकाल कोणी मागितला नाही. त्याचं म्हणणं काय, तेवढंच सांग.”

तेव्हापासून मी पर्याय हातानं झाकायची. परिच्छेद वाचला की बाजूले पेन्सिलनं मराठीत एक ओळ, ह्याचं म्हणणं काय. मग हात काढायचा. संशय सारा पर्यायांवर. ‘नेहमीच’, ‘फक्त’ असा एखादा शब्द गुपचूप घुसवलेला असते, त्याले बरोबर पकडायची. दोन महिन्यांत सोळावर गेली.

परीक्षेत तिसरा उतारा एका जुन्या साहेबाचा होता. बैलांवर मीठ-धान्य वाहून नेणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या लोकांवर. म्हणजे आमच्यावरच. हे लोक जन्मानंच चोर, यांच्यावर नजर ठेवा, असं त्याचं सांगणं. माझ्या आजाचा बाप बैलांवर मीठच न्यायचा. अंग नुसतं पेटलं माझं. चौथा पर्याय होता, साहेबानं त्या लोकांना काहीच विचारलं नव्हतं. हात तिकडेच चालला होता. पण प्रश्न होता, लेखकाचं मत काय.

मी बाजूले ओळ लिहिली, हे लोक जन्माचे चोर. माझ्या अक्षरात, माझ्या हातानं. तेच सांगणाऱ्या पर्यायावर खूण केली अन् पान उलटलं.

उत्तर बरोबर निघालं. माझा नंबर लागला, यादीत अगदी शेवटचा. तो एक गुण काढला तं लागत नव्हता, मी वजा करून पाह्यलं. बापानं तांडाभर पेढे वाटले. उतारे कशावर आले होते, असं त्यानं इचारलं, तं मी म्हटलं, आता आठवत नाही.