मी नाही हलवला

माझा मोठा भाऊ मिरजोळ्याला कारखान्यांच्या शेडवर पत्रे बसवायचा. एका दुपारी पायाखालचा पत्रा फुटला आणि तो खाली पाठीवर आपटला. मणका मोडला, आतला मज्जारज्जू चिरडला. कंबरेखाली त्याला काही कळेनासं झालं.

दीडेक महिन्याने त्याला घरी आणलं. आई रोज कोमट पाण्याने त्याचं अंग पुसायची. एकदा ओल्या फडक्याने तळवा पुसताना त्याचा पाय झटकन गुडघ्यात दुमडला. आई आधी घाबरली, मग रडायला लागली. "पाय हलवलान," ती म्हणाली. तिने शेजाऱ्यांना बोलावलं, पुन्हा तळवा चोळला. पाय पुन्हा आखडला.

दादा छताकडे बघत होता. "मी नाही हलवला," तो हळूच म्हणाला. ते मी एकटीने ऐकलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रतिक्षिप्त क्रियेची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. तरी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तेच सांगितलं. तळव्याला झालेला स्पर्श चेतातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत जातो. जखमेखालचा मज्जारज्जू शाबूत असतो, तो मेंदूला न विचारता परस्पर स्नायूंना हुकूम सोडतो. मेंदूला त्याचा पत्ताच नसतो, आणि मेंदूने काही सांगितलं तरी ते खाली उतरत नाही.

संध्याकाळी दादासमोरच मी आईला हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि तुझं शिक्षण तुझ्यापाशीच ठेव म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दादाला कामावर नेणारा ठेकेदार आला. तोवर औषधं, फिजिओथेरपी सगळ्याचा खर्च तोच करत होता. आईने कौतुकाने तळवा चोळून त्याला दादाचा पाय हलताना दाखवला. त्याचा चेहरा सैलावलेला मी पाहिला. आता हा चालणार, असं सगळीकडे सांगत सुटला आणि परत आमच्या दारात फिरकला नाही. मी फोन केला तर म्हणाला, तुमची आईच सांगते ना, बरा होतोय म्हणून.

दादा आता चाकाच्या खुर्चीत बसून मोबाइल दुरुस्त करतो. पाय अजून झटके देतात, म्हणून ते पट्ट्याने बांधून घेतो. गेल्या गणपतीत आई घरभर पाहुण्यांसमोर मला म्हणाली, "तू तेव्हा त्याच्यादेखत तसं बोलली नसतीस, तर आज तो चालला असता."

दादा मान खाली घालून काम करत राहिला. तिला समजावणं मी केव्हाच सोडलंय. माफ करणं मात्र जमलेलं नाही.