भिकाबाईचा चुडा

औंढ्याजवळच्या तांड्यावरची भिकाबाई सुईला भ्याली असं कुणी म्हटलं, तर त्यानं तिला पाहिलेलंच नाही. तिचं थोरलं पोरगं देवीच्या साथीत गेलं होतं. म्हणून धाकट्या दोघांना तिनं स्वतः कडेवर नेऊन टोचून आणलं. तांड्यातल्या बाया बोलल्या, "देवी कोपंल गं." ही म्हणाली, "एक लेकरू दिलं न् तिला. आनिक किती देऊ?"

तिचं अडलं ते वेगळ्याच जागी.

बेचाळीसच्या आगंमागं निजामाच्या राज्यात पुन्हा साथ आली आणि हुकूम निघाला: टोचून घेतल्याशिवाय बाजारात पाय टाकायचा नाही. वेशीत दोर बांधला. दोराशी एक जवान आणि पेटी घेऊन बसलेले टोचणारे खाँसाब. भिकाबाई डिंकाची पाटी डोक्यावर घेऊन रांगेत लागली. तिची पाळी आली तसे खाँसाब बघतच राहिले. कोपरापासून खांद्यापर्यंत हाडाचा पांढरा चुडा. सुई टेकायला तीळभर जागा नाही.

"चूड़ी निकालो, बाई."

"हा निघत न्हाई, फोडावा लागतो. न् फोडत्यात कवा, ठावं हाय का? नवरा गेल्यावर."

"हुकूम है."

"माझा धनी देवला घरी तापानं फणफणून राहिला. त्याच्यासाठी गूळ-मीठ न्यायला आले मी. तो जिता असताना तुमच्या हुकमानं रांडमुंड होऊ व्हय?"

जवान हसला. "मंग घरी बस. वाट काहून अडवून राहिली?"

"टोचू नका म्हनतंय कोन? ही पाठ हाय की उघडी." तांड्याच्या बायांच्या काचोळीला मागं नुसते बंद असतात. "हितं टोचा."

खाँसाबांनी मान हलवली. टोचायचं ते दंडावरच. पाठीवरचा वण कोण तपासत बसणार?

ती बाजूला लिंबाखाली बसली, पण हटली नाही. इतक्यात पाटलांची पडदा लावलेली दमणी आली आणि जवानानं न बोलता दोर खाली सोडला. भिकाबाई उठली आणि तिनं बैलाची वेसणच धरली.

"हिला टोचलं का?"

"पाटलीनबाई हायत त्या," जवान खेकसला. "घरंदाज बाया चारचौघांत दंड उघडा करत्यात का?"

"त्यांची लाज ती लाज, न् माझा चुडा काय वाळली काकडी?"

"बराबर हाय!" रांगेतला दगडोबा ओरडला. "दोर हाय तर समद्यांना हाय."

"कोन गं ती? सोड बैल," पडद्यामागून गोजरबाई पाटलीण म्हणाली.

"सोडते, बाई. तुमी माझ्यासारखं टोचून घ्या, न्हाईतर मला तुमच्यासारखं जाऊ द्या."

आतून जरा नरम आवाज आला, "खाँसाब, पडद्यातून हात काढला तर चालंल का?"

"चलेगा, चलेगा." खाँसाबांचा जीव भांड्यात पडला.

"मंग तिची पाठ बी चालंल. आधी तिला टोचा. दुखतं का, बघू द्या."

तेव्हा कळलं, पाटलीण लाजेपेक्षा सुईला जास्त भीत होती. भिकाबाईनं पाठ दिली, हूं का चूं केलं नाही. मग पडद्यातून सोन्याच्या पाटल्यांचा गोरा हात बाहेर आला, तो सुई टेकायच्या आत मागं जाऊ लागला. भिकाबाईनंच त्याचं मनगट धरलं. "हलू नका, बाई. मुंगी चावल्यावानी व्हतंय." पाटलिणीची किंकाळी तरी बाजारभर ऐकू गेली.

दोर भिकाबाईसाठीही खाली झाला. गूळ-मीठ घेऊन ती ऊन उतरायच्या आत तांड्यावर पोचली. त्या तापातून देवला उठला.

अठ्ठेचाळीसला राज्य बदललं आणि त्याच हिवाळ्यात देवला गेला. चुडा फुटला. पुढं टोचणारा आला तो नवा, तरणा होता. तिचा हात पाहून म्हणाला, "बरं झालं आजी, दंड मोकळा आहे."

भिकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि पाठ केली.

"मोकळा झाला तरी माझाच हाय, सरकारचा न्हाई. टोच पाठीवर."