पानं कापणारा वर्ग

फोनवर तुम्ही दोघांनी सांगितलंत की तुमच्या शाळेत मुलांचीच एक समिती आहे आणि कोणी एकटं पडू नये हे ती बघते. आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का, असंही विचारलंत. समिती नव्हती. पण निपाणीच्या हायस्कूलमध्ये मी दहावीला असताना एक गोष्ट घडली. ती क्रमाने लिहिते.

आमच्या वर्गात बौद्ध वस्तीतली एक मुलगी होती. ती आणि तिची आई घरी विड्या वळायच्या. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा मिळायचा आणि संध्याकाळी वळलेल्या विड्या नेऊन द्याव्या लागायच्या. म्हणून ती मधल्या सुट्टीत घरी जायची ती परत यायची नाही. तिच्या वस्तीतल्या बाकीच्या मुलींची शाळा सातवीतच सुटली होती. वर्गात ती शेवटच्या बाकावर एकटी बसे. तिच्या कपड्यांना तंबाखूचा वास येतो म्हणून, असं सगळे म्हणायचे. निपाणीत तंबाखूचा वास सगळ्यांच्याच कपड्यांना यायचा. माझे वडील तंबाखूच्या वखारीत कारकून होते, त्यांच्याही शर्टाला यायचा.

दिवाळीनंतर हेडमास्तरांनी वर्गात येऊन सांगितलं की एवढ्या हजेरीवर तिला परीक्षेला बसता येणार नाही. ते रागावले नव्हते. नियम सरकारचा होता. ती उभी राहिली, ऐकून घेतलं आणि खाली बसली.

आपण सगळ्यांनी मिळून मधल्या सुट्टीत तिच्या विड्या वळायच्या, म्हणजे तिला दुपारी थांबता येईल, असं मॉनिटरनं सुचवलं. तो कापडाच्या दुकानदाराचा मुलगा. त्याने आयुष्यात कधी विडी वळलेली नव्हती. आमच्यापैकी कुणीच नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी ती पानं-तंबाखू ठेवलेलं सूप घेऊन आली आणि सायकलींच्या शेडमागे आम्हाला शिकवायला बसली. पानावर तंबाखू पसरायची, बोटांनी गुंडाळायची, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. तिचे हात न बघता चालायचे. आमच्या विड्या कुठे जाड, कुठे पोकळ. एका मुलीच्या आजीने तिला त्या दिवशी मागच्या दारी कपडे बदलायला लावले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी तरीही आली. हात तंबाखूचे असायचे, ते एकाच नळावर धुऊन आम्ही शेडमागेच डबे उघडू लागलो. वस्तीतली तीही तिथेच आपली भाकरी सोडायची.

पहिल्याच आठवड्यात कारखान्यातल्या तपासणी करणाऱ्या माणसाने ढिगातून मूठभर विड्या उचलल्या आणि तिच्या आईला विचारलं,

"कुणाकुणाचं हात लागल्यात गं ह्याला? घरात शाळा भरवलीस व्हय?"

रांगेतल्या बायका हसल्या. त्याने आमच्या सगळ्या विड्या मोडून टाकल्या, आणि तिच्या घरी पुढचे काही दिवस पानं मिळणार नाहीत असं सांगितलं. तेवढे दिवस ती शाळेत आलीच नाही. दोघी मायलेकी दुसऱ्याच्या शेतावर भांगलायला, तण काढायला जात होत्या. म्हणजे आमच्या मदतीमुळे होती ती हजेरीही गेली.

मग तिची आई शाळेत आली. वर्गात यायला तयार होईना, दारातच उभी राहिली.

"पोरांनो, तुमी लई चांगली हाईसा. पन इडीला हात लावू नगा. तेवडं आमचं आमी करतो."

मॉनिटर म्हणाला, "मावशी, मग आम्ही काय करू?"

"पानं कापा," ती म्हणाली. "पत्र्याचा साचा देतो. साच्याभायेर जाऊ नगासा."

ते आम्हाला जमलं. रोज मधल्या सुट्टीत भिजवलेली पानं, साचा आणि घराघरातून आणलेल्या कात्र्या. पोरं एकमेकांना टोमणे मारायची, ह्याचं पान बघ, कोल्हापूरपर्यंत गेलंय. पानं कापलेली तयार असली की घरी जाऊन नुसतं वळायचं काम उरे. ती शेवटच्या तासापर्यंत थांबू लागली. माझ्या बाकावर एक जागा रिकामी होती, तिथे बसू लागली. हजेरी काठावर का होईना, भरली. हेडमास्तरांनी वर्गात येऊन तिला हॉल तिकीट दिलं. तिने ते दप्तरात ठेवलं आणि आम्ही सगळे शेडमागे गेलो, कारण त्या दिवशीची पानं कापायची राहिली होती.

त्यानंतर अभ्यासाची सुट्टी लागली. शाळा बंद झाली, तशी आमची मधली सुट्टीही गेली. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आम्ही आपापल्या घरी अभ्यासाला बसलो. ती तिच्या घरी पानं कापायला आणि विड्या वळायला बसली.

परीक्षेला ती माझ्या पुढच्या रांगेत होती. सगळे पेपर दिले. निकालात ती इंग्रजी आणि गणितात राहिली. बाकी आमच्यातले बहुतेक पास झाले. मला इंग्रजीत चांगले मार्क होते. मॉनिटर, मी आणि आणखी दोघीजणी तिच्या घरी गेलो. तिने सूप मांडीवरून बाजूला केलं नाही, फक्त बसायला पोतं पुढे सरकवलं. तिच्या आईने बिनदुधाचा चहा दिला. कात्री तिथेच पडलेली होती. आमच्यापैकी कुणी ती उचलली नाही.

मॉनिटर म्हणाला, ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं.

"बसतो की," ती म्हणाली. "हजेरी लागत न्हाय नव्हं तवा?"

नाही लागत, मी सांगितलं.

"मग बरं."

आम्ही चहा संपवून उठलो. जूनमध्ये मी बेळगावला कॉलेजात गेले, पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. ऑक्टोबरला ती बसली का, मला माहीत नाही. त्या ऑक्टोबरात मी निपाणीला आलेही होते, सुट्टीला. तिच्या वस्तीकडे गेले नाही. तसं काही ठरवून नाही. दिवस गेले आणि मी परत बेळगावला गेले.