अठ्ठावीसवर थांबणारे काका

कुणाच्याही घरी गेले की काका आधी चपला काढायचे आणि मग गॅलरीत किंवा जिन्याखाली, जिथे इन्व्हर्टर असेल तिथे जाऊन बॅटरीला उलटा हात लावायचे. लेकराला ताप आहे का बघतात, तसा. यजमान 'बसा, बसा' म्हणत मागे उभे. काका हात तसाच ठेवणार आणि थोड्या वेळाने म्हणणार, "लय भरताय तुम्ही हिला." त्यानंतर चहा. असा एखादा माणूस तुमच्याही कॉलनीत असेल. आपण त्याला हसतो, आणि लाइट गेली की सगळ्यात आधी त्याचंच दार वाजवतो.

आमची तीन मजली इमारत द्वारका चौकापासून दहा मिनिटांवर. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी दुसऱ्या. मूळचे निफाडकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मापाची उपकरणं तपासली, म्हणजे इतरांचे काटे खरं बोलतात की नाही ते बघण्याची नोकरी. निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. माझ्या भिंतीवरच्या घड्याळाला ते एकदा "चार मिनिटं खोटं" म्हणाले होते. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मला ते जास्तच लागलं. ते घरी गेल्यावर मी मोबाइलशी ताडून पाहिलं, नेमका चार मिनिटांचा फरक होता.

इथपर्यंत मी हसत लिहू शकते. पुढचं तसं नाही.

काकूंची फुफ्फुसं आखडत चालली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडतं, आणि चोवीस तास विजेवर चालतं. वीज गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद झालं की काही मिनिटांतच काकूंचे ओठ निळसर दिसू लागत. बाजारातल्या बॅटरीवर ते जेमतेम तीन तास चालायचं. आमच्याकडे शनिवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतात, तीच कधीकधी सहा तास येत नाही. म्हणून काकांनी बॅटरी घरीच बांधली.

विटेएवढे आठ निळे सेल, लिथियम आयर्न फॉस्फेटचे. दोन प्लायवुडच्या फळ्यांमध्ये लांब बोल्टांनी आवळून बसवलेले. वर एक छोटं सर्किट, प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं. कुणी हद्दीबाहेर गेला की ते सगळ्यांचाच वीजप्रवाह तोडून टाकायचं. त्याला काका 'वॉचमन' म्हणत. एवढ्यावर मशीन सतरा तास चालायचं. पहिल्या शनिवारी दिवसभर लाइट नसताना काकूंच्या मशीनची घरघर खाली माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होती, आणि सबंध इमारतीत मिक्सर फक्त त्यांच्याकडे फिरला.

"बाई, चार्जरचा आकडा हेच सगळं," त्यांनी मला समजावलं होतं. "कागदावर लिहिलंय एकोणतीस पॉइंट दोन व्होल्टपर्यंत भरा. आपण अठ्ठावीसवर थांबायचं. आणि भरली की तिथंही धरून ठेवायचं नाय, सत्तावीसवर उतरवायचं."

"मग वरचं वाया नाही का गेलं?"

"वर काहीच नसतं. फार तर पंधरा मिनिटं मशीन जास्त चालंल. त्या पंधरा मिनिटांसाठी सेल आतून खराब होतो. दोन घास कमीच बरे."

हे 'दोन घास कमीच बरे' ते सगळीकडे वापरत. सायकलच्या चाकात हवा भरताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी फार बोलायला लागलं की, लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की. काकू आतून म्हणायच्या, "साड्यासुद्धा आयुष्यभर दोन कमीच घेतल्यात मला." आणि हसायच्या. हसल्या की खोकला यायचा, म्हणून त्या हसणंही बेतानेच करत.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन ते पुढे ढकलत होते. "हिला सोडून मी कुठं जाऊन झोपू?" मीटरवरचे बारीक आकडे त्यांना दिसत नसत. म्हणून रोज सकाळी सात वाजता, शाळेला निघण्याआधी मी वर जायचे. मीटरच्या दोन पिना ते बोटांनी चाचपून सेलवर टेकवत आणि मी आकडा वाचत असे. आठ सेलचे आठ, मग सगळ्यांचा मिळून एक. ते वहीत जाड स्केचपेनने लिहून घेत. काकू आतून विचारत, "झाली का तुमची पूजा?" मग मला अर्धा कप चहा मिळे. तो पूर्ण कप का नसतो, हे विचारायची सोय नव्हती.

मार्चअखेर काकूंना आहे तो ऑक्सिजन पुरेना. दुप्पट क्षमतेचं मशीन आणावं लागलं आणि त्याला वीजही जवळजवळ दुप्पट लागे. सतरा तासांचे नऊ झाले. काकांनी नवे आठ सेल मागवले, पण ते पोहोचायला दीड महिना लागणार होता. तोवर आहे त्यातच भागवायचं होतं.

एका सोमवारी मी शेवटचा आकडा वाचला, अठ्ठावीस. रोज सत्तावीस असायचा. माझी चूक झाली असं वाटून मी पुन्हा वाचला.

"बरोबर हे," काका म्हणाले. "उतरवायचं बंद केलंय. भरलेलीच राहू दे."

"काका, तुम्हीच म्हणाला होतात, पंधरा मिनिटांसाठी..."

"पंधरा मिनिटं म्हणजे काय थोडी हायत का, बाई?"

त्यांच्या मागे दारातून काकू दिसत होत्या. तीन उशांना टेकून बसलेल्या, प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. खरं सांगायचं तर मलाही त्यांच्यासाठी ती पंधरा मिनिटं हवी होती.

पुढच्या आठवड्यात अठ्ठावीस पॉइंट सहा झालं. त्यानंतर एकोणतीस पॉइंट दोन, आणि तेही दिवसभर धरून ठेवलेलं. आठही सेल इतके दिवस एका ओळीत चालत होते, त्यातल्या पाचव्याचा आकडा आता इतरांच्या पुढे पळू लागला. मी त्याचा आकडा वाचला की काकांचा पेन वहीवर क्षणभर थांबायचा. मग वॉचमन रोज दुपारी चार्जिंग तोडू लागला. एका सकाळी काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला जरा लांब उभा केलाय. सारखा मधी येत होता." म्हणजे जिथे तोडायचं ती मर्यादाच त्यांनी वाढवली होती. तीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासलेल्या माणसाने हे केलं होतं, आणि मला त्याचा अर्थ नीट कळला होता.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. त्या दिवसांत त्यांनी बॅटरीला उलटा हात लावणं सोडून दिलं होतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला पाचव्या सेलपाशी प्लायवुडची फळी मला फुगलेली दिसली. बोटभरसुद्धा नाही, पण सरळ रेषा मी रोज फळ्यावर काढते, वाकडी मला कळते. सेल आतून फुगून फळीला ढकलत होता. काकांना ते दिसणं शक्य नव्हतं. उद्या सांगू, असं मी ठरवलं. मग वाटलं, नवे सेल येतातच आहेत, उगाच त्या माणसाच्या जिवाला घोर कशाला. दुसऱ्या दिवशी मी फळीकडे न बघता आकडे वाचले. तिसऱ्या दिवशीही.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला नेहमीप्रमाणे लाइट गेली. शाळेला सुट्टी लागली होती, मी घरीच होते. वरची घरघर चालू होती म्हणून मी भाजी निवडत बसले. पाऊण तासही झाला नसेल, घरघर थांबली आणि मशीनचा लांबलचक भोंगा सुरू झाला.

मी वर धावले. खोलीत नेलपॉलिशसारखा गोडसर, झोंबणारा वास भरला होता. काका बॅटरीपुढे गुडघ्यांवर बसून पिना चाचपडत होते. "आकडा सांगा, बाई. आकडा."

सात सेल व्यवस्थित होते. पाचवा जवळजवळ मेलेला होता. एक गेला की वॉचमन आठही बंद करतो. त्याचं कामच ते. मी आकडा सांगितला. काकांनी पिना खाली ठेवल्या आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. मी खिडक्या उघडल्या, अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा लहान सिलेंडर काकूंना लावला आणि अँब्युलन्सला फोन केला.

द्वारकेच्या चौकात आम्ही अडकलो. सायरन चालू होता, आणि पुढे ट्रक, रिक्षा, बस, कुणालाच हलायला जागा नव्हती. सिलेंडरचा काटा खाली येत होता. काका मला विचारत होते, "कुठं आला काटा?" आणि मी प्रत्येक वेळी होता त्यापेक्षा जरा वरचा सांगत होते. काकूंनी नळी बाजूला सारून माझ्याकडे बघितलं. "आज बाईंना चहा राहिला," त्या म्हणाल्या.

चार दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. बुधवारी दुपारी गेल्या. डॉक्टर म्हणाले की फुफ्फुसांत काही उरलंच नव्हतं, महिना-दोन महिन्यांत हे व्हायचंच होतं. काकांनी ऐकून घेतलं. त्यांना ते पटलं नाही हे मला दिसत होतं, कारण मलाही पटलं नव्हतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी नवे सेल आले. काकांनी खोकं उघडलं नाही.

तेराव्यानंतर निफाडहून पुतण्या त्यांना न्यायला आला. तो सामान घेऊन खाली गेला आणि काका माझ्या दारात थांबले. मी 'या' म्हटलं, पण ते आत आले नाहीत. धुतलेला पांढरा शर्ट, वरचं बटण चुकीच्या काजात.

"बाई, पुतण्यानं ती फळी दाखवली मला. हात लावून बघितली. आधीपासून फुगली होती का?"

मी हो म्हटलं.

"किती दिवस?"

"बारा."

त्यांनी मान हलवली. "आकडा मी वाढवला. ते माझं. त्यात तुमचं काही नाय." मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "पण फळी तुम्हाला दिसत होती ना?"

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी मोठ्याने रडले असते, त्यांचे पाय धरले असते. पण त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती. मी पुन्हा हो म्हटलं.

ते वळले आणि पायाने पायरी शोधू लागले. मी पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला, कठडा चाचपला आणि एकेक पायरी मोजत एकटेच खाली गेले.