कवेलूखालचा मासा

लग्न होऊन मी चिखलीला आले, तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता आणि माशांची काचपेटी फक्त आमच्याकडे. ती मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, नुकतेच रिटायर झालेले. लोखंडी अँगलमध्ये काचा बसवून, फटींत लांबी भरून पेटी त्यांनी स्वतःच्या हातांनी केली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. माझे यजमान मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, ते रविवारी यायचे. त्यामुळे दिवसभर घरात मी, मामाजी आणि मासे. बोलणं जेवणापुरतं.

दिरांनी मुंबईहून हवा भरलेल्या पिशवीत एका वेगळ्या जातीची चार पिल्लं आणली होती. काळपट, ठिपक्यांची, तोंडाने काचेला चिकटून राहणारी. त्यांच्या नाकाडावर मऊ काटे फुटायचे, म्हणून आम्ही त्यांना मिशीवाले म्हणायचो. चारांतले दोन जगले. मामाजींनी त्यांना लपायला छपरावरचे दोन कवेलू तळाशी पालथे घातले होते.

दोघांनाही मिशा, म्हणून दोघंही नर, असं मामाजींचं मत. पण दुपारी काकडीची चकती टाकायचं काम माझं, आणि मी बघत बसायचे. एकाच्या मिशा कपाळापर्यंत चढलेल्या, बाभळीच्या काटकीसारख्या फाटे फुटलेल्या. दुसऱ्याला नुसती ओठाच्या कडेला बारीक कुसं, आणि वरून पाहिलं तर पोट रुंद. एकदा वाढताना मी धीर करून म्हटलं, "मामाजी, बारक्या मिशांची मादी असंल."

"तुले काय समजते त्यातलं? मिशा असलेली मादी पाह्यली का कधी?" ते ताटातून वर न बघता म्हणाले.

वैशाखात मोठ्या मिशांचा मासा एका कवेलूखाली शिरला आणि बाहेर येईना. दुसरा जवळ गेला की धडक मारून हाकलायचा. त्या दुसऱ्याचा एक पर फाटला. मामाजींनी ठरवलं, "एका म्यानात दोन तलवारी नाई राह्यत. हा मोठा देऊन टाकतो." मलकापूरच्या त्यांच्या मित्राला निरोपही गेला.

मित्र यायचा त्या सकाळी मामाजी आंघोळीला गेले होते. मी बॅटरी घेऊन पेटीच्या बाजूला वाकले आणि कवेलूखाली उजेड टाकला. माशाच्या पोटाखाली केशरी मण्यांचा घोस होता. अंडी! घातली दुसरीने, पण राखत होता हा नर, पर हलवून त्यांना वारा घालत.

मी सांगायच्या आतच मित्र दारात. मामाजी ओल्या केसांनीच आले, बाही सारली, हात पाण्यात घातला आणि कवेलूला धरलं.

"मामाजी, थांबा."

"काऊन?"

"त्याच्याखाली अंडी हायेत."

"बाजूले हो वं." कवेलू तिरपा झाला. घोसातली दोन-तीन अंडी सुटून तळाशी घरंगळली.

मी पाण्यात हात घालून त्यांचं मनगट धरलं. त्या घरात तोवर मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. तो आता खांद्यावर आला होता, मित्र बघत होता, आणि मला हात सोडता येत नव्हता. मामाजींचे डोळे लाल झाले. मला वाटलं, आज संध्याकाळच्या यष्टीने माझी माहेरी रवानगी.

"आधी पाहा," मी म्हटलं. "मंग काहीबी करा."

मी दुसऱ्या हाताने बॅटरी लावली. ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग कवेलू अगदी हलक्या हाताने होता तसा टेकवला. मी हात सोडला. त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते.

"चहा ठेव," एवढंच म्हणाले. आणि मित्राला, "मासा आज नाई भेटत बे. बाळंतपन चालू हाये."

त्याच दुपारी लाईट गेली. हवेचा पंप बंद. पेटीचं पाणी हाताला कोमट लागत होतं. मामाजींनी काचांभोवती ओलं पोतं गुंडाळलं. मी मगात पाणी घेऊन उंचावरून परत पेटीत सोडत राहिले, म्हणजे हवा मिसळेल. खांदा भरून आला की मग मामाजी घ्यायचे. मधूनमधून माठातलं गार पाणी, तेही वाटी-वाटीने, एकदम नको. नर पर हलवायचा थांबला की आम्ही दोघंही थांबायचो. एकदा तो इतका वेळ निश्चल राहिला की मामाजी पुटपुटले, "गेला." मग पर पुन्हा हलला. साडेपाचला लाईट आली तेव्हा माझ्या हातात मग धरायची ताकद नव्हती.

काही अंडी पांढरी पडून गेली. उरलेल्यांतून पिल्लं निघाली, पोटाला बलकाची पिवळी गाठोडी घेऊन, आणि दहाएक दिवसांनी काचेवर जिऱ्याएवढे मासे चिकटलेले दिसले. मी सतरा मोजले, मामाजींनी एकोणीस. त्या सकाळच्या प्रसंगाबद्दल ते कधीच बोलले नाहीत. पण पेटीचं पाणी बदलायचं असलं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. माझी भाकर तव्यावरून उतरेपर्यंत थांबायचे.

दिवाळीत त्यांनी ओळखीच्यांना जोड्या द्यायचं ठरवलं आणि नर-मादी निवडायला मला बसवलं. मी मोठ्या तोऱ्यात तीन जोड्या लावून दिल्या. पिल्लं अजून लहान होती, मिशा धड फुटल्याही नव्हत्या. त्यातली एक जोडी म्हणजे दोन माद्या होत्या, हे आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.